जुना खेळ, नवा डाव

आमचा पत्ता सांगताना मला नेहमी थोडा संकोच वाटतो. नाव, घराचा नंबर, गल्ली इथपर्यंत ठीक असतं. पण पुढं 'जुना जालना' म्हटलं की ऐकणारा आधी माझ्याकडे, मग माझ्या सदऱ्याकडे बघतो आणि 'अस्सं होय!' म्हणून समजुतीनं मान हलवतो. कुंडलिका नदीच्या या अंगाला आम्ही जुने आणि त्या अंगाला ते नवे. आता तो नवा जालना म्हणजे पूर्वीचा कादराबाद. तोही काही काल-परवा वसलेला नाही. पण एकदा नवा म्हणून नाव पडलं की पडलं. आमच्या नात्यात एक 'नवी काकू' आहेत. परवा त्यांची पंचाहत्तरी झाली, तरी त्या नवीच आहेत. आणि आम्ही जन्मलो तेव्हापासून जुने.

'जालना, सोने का पालना' अशी एक जुनी म्हण आहे. त्यातलं सोनं कुठं गेलं ते ठाऊक नाही. हल्ली इथं बियाणं आणि लोखंड या दोन गोष्टींवर गाव चालतं. लोखंड म्हणजे काय, तर गावोगावचं भंगार ट्रकांतून इथं येतं, भट्टीत वितळतं, आणि सळई होऊन कुणाच्या तरी नव्या इमारतीच्या पोटात जाऊन बसतं. कालची मोडकी खाट उद्या कुणाच्या तरी स्लॅबात असते. तेव्हा जुन्याचं नवं करणं हा आमच्या गावाचा धंदाच म्हणायचा.

असं असूनही, "बाबा, मी तो लहानपणचा व्हिडिओ गेम पुन्हा नव्यानं बनवतोय," असं आमचे चिरंजीव म्हणाले तेव्हा मी काय बोललो असेन? मी म्हणालो, "एकदा झालाय ना बनवून? मग पुन्हा कशाला?"

भंगारावर जगणाऱ्या गावात राहून मी हे बोललो. पण त्याला कारण होतं. त्या खेळाचं नाव काढलं की माझ्या पोटात गोळा येतो. गेली कित्येक वर्षं येत होता. तो का, ते सांगायचं म्हणजे मला 1993 सालात जावं लागेल. तुम्हीही चला; फार लांब नाही.

त्या वर्षी आमचे मेव्हणे मस्कतहून आले. मस्कतहून आलेला मेव्हणा हा त्या काळी चतुर्मासातल्या पाहुण्यासारखा असे. त्याच्या बॅगेभोवती सगळं घर बसायचं. बॅगेतून सौभाग्यवतीला साडी निघाली, आईला अत्तराची कुपी निघाली, मला एक लांबलचक टॉर्च निघाला, आणि दहा वर्षांच्या चिरंजिवांना एक राखाडी रंगाचं डबडं निघालं. त्याला गेमबॉय म्हणतात असं कळलं. हातात घेतलं तर अर्धी वीट. पोटात चार पेन्सिल सेल, समोर दोन बटणं, डाव्या अंगाला एक अधिकचं चिन्ह, आणि वर काडेपेटीपेक्षा जेमतेम मोठा पडदा. पडद्याला रंग म्हणाल तर शेवाळ्याचा. हलकं शेवाळ, गडद शेवाळ, त्याहून गडद शेवाळ आणि काळं शेवाळ, अशा एकूण चार छटा. आमच्या मोती तलावात उन्हाळ्यात याहून जास्त दिसायच्या.

या डबड्याच्या पाठीत एक चपटी वडी खोचायची, की खेळ सुरू. वडी एकच होती. तिच्यावर लिहिलं होतं 'मेट्रॉइड टू : रिटर्न ऑफ सॅमस'.

"हा सॅमस कोण?" मी विचारलं.

"बाई आहे, बाबा."

"बाई? मग हे चिलखत?"

"आतमध्ये बाई आहे."

1986 साली टीव्हीला जोडून खेळायचा पहिला मेट्रॉइड निघाला, तेव्हाही म्हणे जगभरच्या मुलांनी संपूर्ण खेळ पुरुष समजूनच खेळला आणि अगदी शेवटी शिरस्त्राण उतरल्यावर सगळ्यांचे डोळे उघडले. म्हणजे माझं एकट्याचं चुकलं होतं असं नाही.

तर ही सॅमस बाई एस-आर-388 नावाच्या ग्रहावर उतरते. एवढं मोठं विश्व, आणि ग्रहाला नाव मात्र आमच्या बँकेतल्या व्हाउचरसारखं. तिथं जमिनीखाली भुयारंच भुयारं, आणि त्यांत मेट्रॉइड नावाचे जीव. एकदा माणसाला चिकटले की प्राण शोषूनच सोडतात. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात एक आकडा असतो : 39. म्हणजे इतके शिल्लक. एकेक मारत जायचं. ठरलेले मारून झाले की जमीन हादरते, वाटेत साचलेलं ॲसिड खाली उतरतं आणि आणखी खोल जायला वाट होते. आमच्या गावातही तलावाची पातळी दरवर्षी खाली उतरत असल्यामुळं हा भाग मला लगेच कळला. फरक इतकाच, की आमच्याकडे त्यासाठी कुणाला मारावं लागत नाही.

हे डबडं घरात आल्यापासून घरातले सगळे सेल त्याच्या पोटात जाऊ लागले. प्रथम भिंतीवरचं घड्याळ गेलं. आमच्या घरात दीड महिना सव्वाचार वाजलेले होते. पाहुणे आले की "अरे, चहाची वेळ झाली!" म्हणायचे आणि आम्ही करायचो. मग ट्रान्झिस्टर मुका झाला. संपलेले सेल गच्चीवर पापडांच्या शेजारी उन्हात वाळत घातलेले असायचे. तापवले की थोडा जीव धरतात अशी चिरंजिवांची श्रद्धा होती. मी अर्थातच ओरडत होतो. 'अभ्यास', 'डोळे', 'स्कॉलरशिप' हे तीन शब्द त्या काळात मी इतक्या वेळा उच्चारले, की तेवढ्यात एखादा मंत्र सिद्ध झाला असता.

पण वाचकहो, आता खरं सांगतो. मी बँकेत होतो. बँकेतल्या माणसाला कुठंही एखादा आकडा कमी-कमी होत चाललेला दिसला, की त्याचं शेवटी काय होतं ते बघितल्याशिवाय चैन पडत नाही. 39 चे 30 झाले, 30 चे 22 झाले. जेवताना मी सहज म्हणून विचारायचो, "किती राहिले?" चिरंजीव "चौदा" म्हणायचे आणि सौभाग्यवतीला वाटायचं, गणितं राहिली आहेत. आणि एके दिवशी उत्तर आलं, "सात!"

त्या रात्री लाइट गेले होते. सगळे गच्चीत झोपले होते. मी पाणी प्यायला म्हणून खाली आलो, आणि हातात मेव्हण्यांचा टॉर्च असल्यामुळं तो आपोआप त्या डबड्यावर पडला. केवळ तपासणी करावी, क्लोजिंग बॅलन्स बरोबर आहे का बघावं, एवढाच माझा हेतू होता. मी बटण दाबलं. पडदा उजळला म्हणवत नाही, कारण त्या पडद्यामागं दिवा नव्हताच. टॉर्च धरला तर दिसणार. एका हातात टॉर्च, एका हातात डबडं आणि बटणं दाबायला माझा तिसरा हात नाही. टॉर्च दातात धरला. पडद्यावर इंग्रजीत काहीतरी आलं. दातात टॉर्च असताना इंग्रजी नीट वाचता येत नाही. आणि समोरून काही विचारलं गेलं की 'हो' म्हणायचं, ही माझी ऑफिसातली आणि घरातलीही जुनी सवय. मी 'हो'चं बटण दाबलं.

सात गेले. म्हणजे मेट्रॉइड नव्हेत; तो जपून ठेवलेला सगळा डाव गेला. पडद्यावर कोरी पाटी. मी पुन्हा चालू करून पाहिलं, पुन्हा बंद केलं, वडी काढून फुंकर मारून बसवली. कोपऱ्यात आकडा आला तो 39. लेजरमधली नोंद खोडणं हे आमच्या धंद्यात महापाप. लाल शाईनं दुरुस्ती करून सही केल्याशिवाय शाईचा ठिपकाही हलत नाही. आणि मी दोन महिन्यांचं खातं एका बटणात साफ केलं होतं, तेसुद्धा दुसऱ्याचं.

सकाळी माडीवरून किंकाळी आली. चिरंजीव रडत खाली आले. मी वर्तमानपत्र वर धरून म्हणालो, "त्या वडीच्या आत एक लहान सेल असतो म्हणे. त्याच्यावर ते सगळं लक्षात राहतं. तो सेल गेला असेल."

हे मला मेव्हण्यांनीच सांगितलं होतं आणि ते खरंच आहे. त्या वडीच्या पोटात घड्याळातल्यासारखा चपटा सेल असतो आणि खेळाची स्मृती त्याच्या आधारावर टिकते. फक्त तो सेल वर्षानुवर्षं चालतो, हा भाग मी सांगितला नाही. चिरंजीव माझ्याकडे बघत राहिले. मग डोळे पुसून म्हणाले, "असेल." बस्. एवढंच.

ते 'असेल' मला फार लागलं. त्या संध्याकाळी मी येताना चार सेल आणले. दुसऱ्या आठवड्यात आणखी चार. घड्याळ पुन्हा चालू झालं, ट्रान्झिस्टरला वाचा फुटली. आणि चिरंजिवांनी 39 पासून पुन्हा सुरुवात केली. लाइट गेले की मी शेजारी जाऊन बसू लागलो आणि टॉर्च धरू लागलो. ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. टॉर्च समोरून धरला की काचेवर झळ येते आणि बाई दिसत नाही. फार वरून धरला की बटणावरच्या अंगठ्याची सावली पडते. डाव्या खांद्यावरून, थोडा तिरपा, हात न हलवता धरावा लागतो. हे मला आठ दिवसांत जमलं. मला म्हणून जमलेली खेळातली ती एकच गोष्ट.

टॉर्च धरता धरता मी तो खेळ पाहिला. त्यात नकाशा नव्हता. बाई चांगली मोठी काढलेली, पडदा एवढासा. त्यामुळं पुढं दोन पावलांवर काय आहे तेही दिसायचं नाही. सगळी भुयारं सारखीच. मग आम्ही नकाशे काढू लागलो. घरात लग्नपत्रिका पडलेल्याच असायच्या. त्यांच्या कोऱ्या बाजूवर मी पट्टीनं रेघा ओढायचो आणि बँकेतल्या अक्षरात लिहायचो : 'येथे ॲसिड', 'डावीकडे जाऊ नये', 'खड्डा — सावध'. मागच्या बाजूला 'आमचे येथे श्रीकृपेकरून' असायचं. वाटेत कधी मेट्रॉइडनं टाकलेली रिकामी कात दिसायची. कात दिसली की मालक जवळपास आहे असं समजायचं. हे जीव मोठे होताना सापासारखी कात टाकतात आणि दर वेळी आधीपेक्षा हिंस्र होतात. मी अशा वेळी टॉर्चसकट मागं सरकायचो आणि "बाबा, उजेड!" अशी हाक यायची.

आणखी एक गंमत तेव्हा कळली. खेळात बाईला पुढं एक नवं चिलखत मिळतं. आता पडद्याला रंग नाहीत, मग चिलखत बदललं हे दिसायचं कसं? तर करणाऱ्यांनी नव्या चिलखताच्या खांद्यांवर दोन मोठे वाटोळे घुमट बसवले. अडचणीतून काढलेली ती वाट. पुढं रंगीत पडदे आले, नुसता रंग बदलून भागलं असतं. पण ते घुमट राहिले ते राहिलेच. आता त्यांच्याशिवाय बाई ओळखू येत नाही. आमच्या ओसरीत आजोबांनी एका वाकलेल्या तुळईला तात्पुरता टेकू दिला होता. वडिलांनी ती तुळई बदलली, पण टेकू कुणी काढू देईना. कारण इतक्या वर्षांत सगळ्यांना त्याला टेकून बसायची सवय झाली होती.

आकडा विसाच्या खाली आला, आणि माझी बदली परभणीला झाली. शनिवारी घरी यायचं, सोमवारी पहाटेची गाडी धरायची. त्या दगदगीत खेळाचं काय झालं ते मी विचारलं नाही. खरं म्हणजे विचारायचं धैर्य झालं नाही. मी परत आलो तोपर्यंत चिरंजीव मोठ्या वर्गात गेले होते, डबडं ट्रंकेत गेलं होतं आणि लग्नपत्रिका त्याच्या खाली. पोरानं दुसऱ्यांदा मांडलेला डावही अर्धाच राहिला, आणि त्याचं कारण मी, हा हिशेब माझ्यापुरता कायमचा लिहिला गेला.

चिरंजीव इंजिनीअर झाले, पुण्याला कॉम्प्युटर कंपनीत लागले. 2013 च्या दुष्काळात आम्ही इथं टँकरच्या वेळेवर जेवत-झोपत होतो, तेव्हा ते आठवड्याभरासाठी आले आणि ट्रंक उघडून बसले. मघाचं ते "पुन्हा नव्यानं बनवतोय" त्याच वेळचं. लग्नपत्रिका जमिनीवर पसरून त्यांवरून कॉम्प्युटरमध्ये भुयारं करणं चाललं होतं. तीन दालनं झाली. मग एक दिवस म्हणाले, "बाबा, राहू दे. अर्जेंटिनात एक जण आधीपासून करतोय, आणि फार सुंदर करतोय."

"मग तुझे कष्ट?"

"तीनच तर खोल्या आहेत. त्याची वाट बघू."

त्या अर्जेंटिनाच्या गृहस्थाचं नाव मिल्टन ग्वास्ती. चिरंजीव आमच्या घरात त्याच्याबद्दल इतकं बोलायचे, की सौभाग्यवती त्याची पत्रिका विचारायच्या बेतात होती. हा माणूस जवळजवळ दहा वर्षं, आपला रोजचा उद्योग सांभाळून, फुकटात तो खेळ नव्यानं रचत होता. पुढं जगभरचे हौशी लोक त्याच्या मदतीला लागले. खेळाचं नाव अनदर मेट्रॉइड टू रीमेक, लाडानं ए-एम-टू-आर. आणि तो बाहेर आला 6 ऑगस्ट 2016 ला, पहिल्या मेट्रॉइडला बरोबर तीस वर्षं पुरी झाली त्या दिवशी.

तो शनिवार होता, श्रावणातला पहिला. दुसऱ्या दिवशी नागपंचमी. सूनबाई पंचमीला माहेरी गेल्या होत्या, म्हणून चिरंजीवही आपल्या माहेरी आले होते. रात्रभर माडीवर दिवा. नागपंचमीला आमच्याकडे चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा ठेवायचा नाही, जमीन उकरायची नाही. खाली ही दिंडं उकडत होती आणि वर चिरंजीव जमिनीखाली शिरून कात टाकणाऱ्या जिवांचा फडशा पाडत होते.

"काय करायलास रे आजच्या दिवशी?" सौभाग्यवतीनं जिन्यातून विचारलं.

"आई, हे नाग नाहीत."

"कात टाकतात ना? मग झालं!"

संध्याकाळी मला हाक आली. "बाबा, या. शेवट आलाय."

मी वर गेलो. लॅपटॉपवर तेच भुयार होतं, पण काय रूप पालटलं होतं! भिंतींना ओल होती, दूरवर धुकं होतं, बाई चपळ झाली होती. पुढचं दिसत होतं. कोपऱ्यात चक्क नकाशा होता. मला पहिल्यांदा त्या नकाशाचा रागच आला. पट्टीनं रेघा ओढलेल्या आमच्या पत्रिकांचं काय? चिरंजीव हसले. म्हणाले, "बऱ्याच लोकांचं तेच म्हणणं आहे. जुन्यात काही दिसत नव्हतं, त्यातच भीती होती, ती गेली म्हणतात. पण पडदा लहान होता म्हणून झालेली अडचण कोणती आणि मुद्दाम ठेवलेला अंधार कोणता, हे ठरवणं हेच तर खरं काम. त्यानं दहा वर्षं तेच केलं." मला आमचा टेकू आठवला. कोणता काढायचा आणि कोणता ठेवायचा, हे तुळई बदलणाऱ्यालाच कळतं. आणि बाईचे खांदे मात्र जागच्या जागी होते, तेव्हा बोलायला जागा राहिली नाही.

मी सवयीनं डाव्या बाजूला जाऊन बसलो. पण आता पडदा स्वतःच उजळ. माझ्या हातांना काही काम नव्हतं. ते मांडीवर ठेवून मी शेवट पाहिला. सगळे मारून झाले, त्यांची राणीही पडली, आणि एक अंडं उरलं. बाई शस्त्र घेऊन उभी. अंडं फुटलं आणि आतून एवढंसं पिल्लू निघालं. ते चिकटलं नाही, डसलं नाही. ही आपली आईच आहे असं समजून तिच्याभोवती घिरट्या घालू लागलं. आणि ती, इतक्या जणांना यमसदनी धाडलेली बाई, त्याला मारत नाही. ते पुढंपुढं उडत वाटेतले अडथळे खाऊन तिला वाट करून देतं आणि दोघं वर उघड्यावर येतात. मूळ खेळातही असंच आहे म्हणे, 1991 पासून. चार शेवाळी छटांत.

जिन्यात उभी असलेली ही म्हणाली, "एक तरी सोडला बाई. पंचमी आहे."

दोन-तीन दिवसांतच बातमी आली, की मूळ खेळाच्या मालकांनी, म्हणजे जपानच्या निन्टेन्डो कंपनीनं, नोटिसा पाठवल्या आणि तो नवा खेळ उतरवून घेण्याची ठिकाणं बंद झाली. चिरंजिवांचा फोन आला, आवाज बसलेला. मी तडक शेजारच्या वकीलसाहेबांच्या ओसरीवर गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी कातरली आणि म्हणाले, "वाडा कुणाचा?"

"मालकाचा."

"भाडेकरूनं पदरच्या पैशानं रंग दिला, फरशी बसवली, मोरी बांधली. वाडा कुणाचा?"

"मालकाचाच. पण साहेब, वाल्मीकींनी अशी नोटीस धाडली असती तर? आमच्या मोरोपंतांनी एकशेआठ रामायणं रचली म्हणतात!"

वकीलसाहेबांचा अडकित्ता थांबला. बराच वेळ विचार करून ते म्हणाले, "वाल्मीकींकडे वकील नव्हता."

पुढं कळलं, की मालकही मोरी बांधतच होते. 15 सप्टेंबर 2017 ला कंपनीचा स्वतःचा नवा अवतार निघाला, 'मेट्रॉइड : सॅमस रिटर्न्स', स्पेनमधल्या मर्क्युरीस्टीम या मंडळींबरोबर केलेला. तोही पुन्हा हातात धरायच्या यंत्रावरच. म्हणजे एका जुन्या वाड्याची दोन घरं झाली. आणि ग्वास्ती? त्यानं काम थांबवलं, पण आरडाओरड केली नाही. त्याची करणी पाहून मून स्टुडिओज या खेळ बनवणाऱ्या संस्थेनं त्याला कामावर घेतलं, आणि 2020 साली आलेल्या 'ओरी अँड द विल ऑफ द विस्प्स' या खेळात त्याचा हात आहे. दहा वर्षं फुकट गेली असं आपण म्हणतो. पण फुकट केलेलं आणि फुकट गेलेलं यांत फरक असावा.

पण मला सांगायचं आहे ते त्या पंचमीच्या संध्याकाळचं. शेवट झाला, पडद्यावर नावं सरकू लागली आणि माझा गोळा घशाशी आला. शेवटी मी म्हणालोच, "तुला एक सांगायचंय. त्या वेळी तुझा डाव गेला ना, सात उरलेले असताना... तो सेल नव्हता गेला. मी—"

"माहीत आहे, बाबा."

"माहीत आहे? कधीपासून?"

"दुसऱ्या दिवसापासून. सेल गेला असता तर मी नवा जपून ठेवलेला डावही राहिला नसता. तो राहिला की!"

दहा वर्षांच्या पोराला कळलेली ही गोष्ट मला तेवीस वर्षांत सुचली नव्हती. मी बँकेत होतो हे पुन्हा सांगत नाही.

"मग बोलला का नाहीस?"

"तुम्ही दर आठवड्याला चार सेल आणायला लागला होता," चिरंजीव म्हणाले. "बोललो असतो तर बंद झाले असते."

"आणि तो दुसरा डाव? माझी बदली झाली, तो अर्धाच..."

"छे! पूर्ण केला. दोनदा. पिल्लू बघितलं तेव्हा तुम्हाला सांगायला धावत आलो होतो. तर तुम्ही सोमवारच्या गाडीनं गेलेले."

म्हणजे इतकी वर्षं मी ज्या खात्यावर दंडव्याज भरत होतो, ते खातं 1994 सालीच बंद झालेलं होतं! मला हायसं वाटायला हवं होतं, वाटलं थोडं. पण त्याहून जास्त वाईट वाटलं ते त्या सोमवारच्या गाडीचं.

"एवढा दोनदा पूर्ण झालेला खेळ," मी म्हणालो, "तो पुन्हा बनवायला का बसला होतास?"

चिरंजीव लॅपटॉप मिटत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "पहिल्यांदा खेळलो तो काही आठवत नाही, बाबा. दुसऱ्यांदा खेळलो तो आठवतो. उजेड डावीकडून यायचा."

मी काही बोललो नाही. बोलणार काय? जिन्यातून हिचाच आवाज आला.

"सेल आणायचे म्हणे दर आठवड्याला! पैसे माझ्या गव्हाच्या डब्यातून जायचे, ते कुणी विचारतंय का?"

आम्ही दोघं खाली गेलो. दिंडं गार झाली होती.